जोडीची बाई पाहिजे

पुसेगाव, रविवार

सौ. विहीणबाई रुख्मिणीबाई यांना सुमनबाईचा मनापासून नमस्कार.

तुमच्या गुडघ्यांची तकलीफ आता कशी आहे? जावईबापू, आमची पुनम आणि लेकरू खुशाल असतील. इकडे आमचं बरं चाललंय. गेल्या वर्षी नांदेडला गालातली गाठ काढली, तिथं आता नुसता वण उरलाय. कॅन्सर पुन्हा कुठं दिसत नाही, असं डॉक्टर म्हणाले. ज्वारीची भाकर चावून खाते, ठेचा तेवढा लांबून बघते. (मिश्री सुटून चौदा महिने झाले. पहिले दोन महिने घरात कोणी माझ्याजवळ फिरकत नव्हतं, इतकी मी खेकसत होते.)

आता झालेली गंमत ऐका. मागच्या मंगळवारी सृष्टी नावाची डॉक्टरीण आमच्या समाजमंदिरात आली. आपल्या पुनमच्याच वयाची असेल. तिला माझं रक्त पाहिजे होतं. मी म्हटलं, आधीच किती काढलं गं बाई! मग तिनं बसवून समजावलं. आपल्या अंगात राखण करणाऱ्या पेशी असतात, आणि इथं बिघाड झालाय, धावून या, असे निरोप त्या एकमेकींना धाडतात. तो निरोप आईबापांकडून आलेल्या जनुकांत लिहिलेला असतो, आणि माणसामाणसांत त्यात एखाद्या अक्षराचा फरक पडतो. म्हणून कोणाचा निरोप जोरात जातो, कोणाचा हळू. त्या फरकामुळं तंबाखू कोणाला जास्त बाधते का, हे ती शेकडो लोकांचं रक्त तपासून बघून राहिली. पुनमचे वडील शेजारीच बसलेले. म्हणाले, "हिचा निरोप हळू? हिनं बांधावरून हाक मारली तर सेनगावात ऐकू जाते." (पोरगी हसली. मी नाही हसले.) मी विचारलं, माझं अक्षर कसं निघालं ते सांगशील ना? तर म्हणे, एकट्यादुकट्याचं काही सांगता येत नाही. "अन् मावशी, अक्षर कसंबी असो, तंबाखू कोणाच्याच भल्याची न्हाई." तीस वर्षं अंगणवाडीत लेकरांची अक्षरं वळवली, आणि माझं स्वतःचं मला कळणार नाही!

मग तिला माझ्या जोडीची बाई पाहिजे होती. म्हणजे माझ्याच वयाची, मिश्री लावणारी, पण कॅन्सर न झालेली, म्हणजे दोघींचं रक्त ताडून बघता येतं. मी लगेच कळमनुरीच्या आमच्या मिराबाईला फोन केला. ती शेतातलं काम टाकून आली, तर कळलं की रक्ताचं नातं चालत नाही. "सख्खी बहीण चालत न्हाई, तर मला बोलावलं काहून?" म्हणत ती दोन कप चहा पिऊन, तणतणत गेली. तेवढ्यात गावात बातमी पसरली की रक्त दिलं की चष्मा फुकट मिळतो. रांग पार रस्त्यापर्यंत! शेवटी पुनमच्या वडिलांनी बाही वर केली. सृष्टी म्हणाली, "काका, बाईच पाहिजे. अन् तुमी तर तंबाखूला हात लावत न्हाई." झालं! "पस्तीस वर्षांची जोडी, अन् ही पोरगी म्हणते जोडी जुळत न्हाई," असं म्हणून ते जे रुसले, ते संध्याकाळी पिठलं केल्यावरच बोलले.

बाकी सगळं ठीक. लेकराच्या गालाचा माझ्या वतीनं पापा घ्या.

तुमची,
सुमनबाई

ता. क. तुमचं माझं वय एक, मिश्री एक, आणि रक्ताचं नातं नाही. जोडीसाठी तुमचीच आठवण झाली. सृष्टी हा मंगळवार सोडून पुढच्या मंगळवारी परत येणार आहे. आदल्या सोमवारीच मुक्कामाला या.

ता. क. दुसरा. फोनवर बोलले असते, पण तुमचा फोन कायम स्पीकरवर असतो. जावळाच्या दिवशी तुम्ही खळखळून हसलात, तेव्हा डाव्या गालाच्या आत, ओठाच्या कोपऱ्याशी, सायीसारखा पांढरा डाग दिसला. माझाही तसाच होता. दुखत नाही म्हणून मी आठ महिने गप्प बसले. तुमचा तसला नसेलही. सगळेच डाग वाईट नसतात, असं सृष्टीही म्हणाली. पण बघून घेऊ. मी शेजारी बसते.

ता. क. तिसरा. जोडीची बाई परवाच मिळाली, आमच्या गल्लीतली पारुबाई. तुमचं रक्त नको. तुम्ही नुसतं तोंड उघडायला या.