पहिलं बाळंतपण माहेरी नको

शिरोडा
४ ऑगस्ट २०२४

ती. सौ. आईस,
कृ. सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस, मी बरी आहे. इथे फोन वाजला की सासूबाई स्पीकर लावायला सांगतात आणि मग ओटीवर बसलेले सगळे तुझंमाझं बोलणं ऐकतात. त्यापेक्षा पोस्ट बरं. जन्मभर शाळेतल्या पोरांना पत्रलेखन शिकवलंस, आता लेकीच्या चुका लाल शाईने काढून पाठव.

सातवा सरला. देवेश काजूच्या कारखान्यातून आला की तडक माझ्या पोटाला कान लावून बसतो. त्याच्या अंगाला भाजक्या काजूंचा वास, मला मळमळतं, आणि त्याला वाटतं मी लाजते!

आता मुद्द्याचं. मला न्यायला कधी येताय? सासूबाई रोज विचारतात. काल तर म्हणाल्या की पयलां बाळंतपण आवशीकडे, ह्या सगळ्यांका म्हायत आसा, तुझ्याच आवशीक कसा नाय? आणि डॉक्टरीणबाई कागद भरताना विचारत होत्या, आईची बाळंतपणं किती, काही त्रास झालेला का. मी 'एक' लिहिलं आणि त्रास नाही म्हणून सांगितलं. बरोबर ना?

मला भीती वाटते गो. शेजारची भक्ती बाळंतपणात रक्त जाऊन मरता मरता वाचली. तेव्हापासून तुझ्याजवळ यावंसं फार वाटतं. बाबांना नमस्कार. माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
गौरजा


खारेपाटण
९ ऑगस्ट २०२४

चि. सौ. गौरजा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पावलं. चुका दोनच निघाल्या, माफ केल्या.

तुला आणायचं यंदा जमेलसं दिसत नाही. चतुर्थी तोंडावर आली आणि गणपतीच्या खोलीची जमीन उखडून पडली आहे. बाबांचा गुडघा धरलाय. नदीचं पाणी वर आलं होतं, घर अजून ओलसर आहे. तुझ्याकडून गोव्याचा मोठा दवाखाना तासा-दीड तासावर. इथे रस्त्यातच सगळा वेळ जायचा. तू तिथेच राहा. तुझ्या सासूबाईंना, रुक्मिणीबाईंना सांग, लोकांनी नावं ठेवली तर ती मला ठेवावीत.

नाचणीचं सत्त्व आणि कोकमाची सोलं एसटीने पाठवते. ओझं उचलू नकोस, मीठ कमी खा. भक्तीच्या गोष्टी ऐकत बसू नकोस. देवेशरावांना आशीर्वाद. आमचा जीव तुझ्यापाशीच आहे, हे विसरू नये.

तुझी आई,
सुगंधा


शिरोडा
१५ ऑगस्ट २०२४

ती. सौ. आईस,
कृ. सा. न. वि. वि.

जमीन उखडली आहे म्हणे! मी बाबांना फोन केला. ते म्हणाले, जमीन मागच्याच महिन्यात पुरी झाली आणि गुडघ्याला काहीही झालेलं नाही. खोटं बोलणाऱ्या पोरांना वर्गाबाहेर उभं करणारी बाई तू, आणि मला खोटं लिहितेस? मी तुला जड झाले का? सासूबाईंनी पुन्हा विचारलं तेव्हा मी न्हाणीघरात जाऊन रडले. त्यांच्या बोलण्याचं नाही, तुझं लागलं.

इथे माझे पाय सुजलेत. जोडवी रुतायला लागली म्हणून काढून ठेवली, बोटातली अंगठी तर निघतच नाही. दोन दिवस डोकं ठणकतंय. सासूबाई म्हणतात की चलता, सगळ्यांचेच सुजतत. तुझ्या वेळी सुजले होते का? मागच्या पत्रात विचारलेल्याचंही उत्तर तू दिलं नाहीस. ह्या वेळी दे. रागावले तरी तुझीच आहे.

गौरजा


खारेपाटण
२० ऑगस्ट २०२४

चि. सौ. गौरजा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल तुझं पत्र हातात पडलं तशी आधी देवेशरावांना फोन केला आणि तुला आजच्या आज डॉक्टरांना दाखवायला न्या म्हणून सांगितलं. का ते फोनवर सांगता आलं नाही. इथे लिहिते.

तू माझं पहिलं मूल नव्हेस. तुझ्या आधी दोन वर्षं मला मुलगा झाला होता.

रीतीप्रमाणे मी आईकडे आचऱ्याला गेले होते. आठव्यात पाय असेच सुजले, डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. आई पाय चेपायची आणि म्हणायची, चलता गो, ह्या होताच. मग एका सकाळी मला झटके आले. घरच्यांना वाटलं, बाहेरचं काही लागलं. कुणी अंगारा लावला, कुणी देवाला गाऱ्हाणं घालायला धावलं. आई मला मिठी मारून बसली होती, हलवू देईना. दुपार कलल्यावर तुझे बाबा पोचले आणि त्यांनी मला जीपमध्ये घातलं. मी वाचले. तो पोटातच गेला होता. डॉक्टर म्हणाले की हे रक्तदाबाचं होतं, दोन दिवस आधी आणली असती तर दोघंही वाचली असती.

माझ्या आईची माया कमी नव्हती गो. त्या मायेतच वेळ गेला. तू इथे असतीस तर तुझे सुजलेले पाय मांडीवर घेऊन मीसुद्धा चलता गो म्हटलं असतं, कारण दुसरं काही तोंडातून काढायची माझी छाती झाली नसती. माका माझीच भीती वाटता. म्हणून नको म्हटलं. तू मला जड? असं पुन्हा लिहू नकोस.

हे आम्ही दोघंसुद्धा कधी बोलत नाही. तुला कळू दिलं नाही, ही माझी चूक. आता डॉक्टरीणबाईंना सांग, आईची बाळंतपणं दोन, पहिल्यात झटके. कागदावरचं 'एक' खोडून 'दोन' लिही. हे आधी कर, माझ्यावर मागाहून रागाव. तुझ्या रागावरही माझा हक्क आहेच.

तुझी आई


गोवा, दवाखान्यातून
२९ ऑगस्ट २०२४

ती. सौ. आईस,
कृ. सा. न. वि. वि.

काल फोनवर, दवाखान्यात येत नाय म्हणालीस आणि फोन ठेवून दिलास. म्हणून लिहिते, देवेश पत्र घेऊन स्वतः येतोय.

तुझ्या फोनमुळे दाखवायला गेले तेव्हाच रक्तदाब वाढलेला निघाला होता, गोळ्या चालू झाल्या. पत्र आल्यावर कागदावर 'दोन' लिहिलं. डॉक्टरीणबाईंनी हे आधी का नाही सांगितलं म्हणून मला झापलं आणि रोज तपासायला सुरुवात केली. परवा रक्तदाब एकशे सत्तरवर गेला, तशी तासाभरात इथे पाठवलं. दिवस भरायला अजून सव्वा महिना, पण उद्या सकाळी ऑपरेशन करून बाळ काढणार. बाळाला काही दिवस काचेच्या पेटीत ठेवतील. वेळेत आलात असं म्हणतात. त्यापुढचं विचारलं की बघू म्हणतात.

तुझं पत्र मी तुला न विचारता सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या रडल्या. म्हणाल्या की मियाच तुका चलता म्हणान गप बसयलंय. इथे पेशंटजवळ एकाच बाईला राहू देतात. त्या राहणार होत्या, पण आपणहून खाली गेल्या आणि पासावर तुझं नाव घालून आल्या.

काल तू म्हणालीस, माझे पाय त्या वॉर्डात चालायचे नाहीत, मी तुला कसला धीर देणार. धीर द्यायला कुणी बोलावलंय तुला? इथे जो येतो तो धीरच देतो, नर्स देते, देवेश देतो, झाडू मारणारी मावशीसुद्धा देते. त्यांच्यासमोर मला रडता येत नाही. मला मरायची भीती वाटते, आई. बाळ जाईल याची वाटते. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही.

तू घाबरलेलीच आहेस, ते आता मला ठाऊक आहे. तशीच ये. दोघी मिळून घाबरू.

वाट बघते,
गौरजा