ममताचा पाय ब्रेकवरच होता

ममता बेटा,

मी जीपचा पार्ट आणायले साकोलीले जाऊन राहिलो. जीपचं मागचं चाक खोलून ठेवलं आहे, पोरायले तिकडे जाऊ देऊ नोको.

काल तळ्याच्या पाळीवरून उतरताना जीप बाभळीवर गेली, तवा मी साऱ्या लोकायसमोर तुले, घरच्या सुनेले, बोललो, "बाईच्या हाती गाडी काहून द्यावी? हिचा पाय ब्रेकवर गेलाच नाही." तू रडत सांगून राहिली होती, "मामाजी, पेडल दाबलं, पण ते खालीच गेलं." मी ऐकलं नाही.

आज चाक खोललं. आतला ब्रेकचा सिलिंडर गळून राहिला होता, सारं ऑइल चाकाच्या ड्रममध्ये आन वरची ऑइलची डबी कोरडी. ब्रेक लागणारच नव्हता. खाली घाटावर बाया कपडे धूत होत्या. तू मुद्दाम बाभळीवर घातली, हे मले आता समजलं.

जाताना पानठेल्यावर सांगून जातो. काल ऐकणारे तिथंच बसतात. तुले सांगायले सैपाकघरात आलो होतो, पण तुह्या कपाळाची सूज दिसली आन नुसतं पाणी पिऊन परत फिरलो.

नवा सिलिंडर बसवला का नळीतली हवा काढावी लागते. मी चाकाजवळ बसीन, तवा कोणीतरी वर बसून पेडल दाबून धरावं लागते. तू बसशील काय? मन नसल तर राहू दे, शेजारच्या कैलाशले बोलावतो.

तुहा मामाजी