शेजारणीची शेवटची शर्यत

बाई,

तुम्ही गेलात त्याला वीसेक वर्षं झाली असतील. मी आता आयर्लंडमध्ये असते, डब्लिनजवळ क्लोनडॉकिनला. आज एकादशी. माझ्यापुरती वाटीभर भगर केली, म्हणून दुपार मोकळी मिळाली.

शेजारी एक इटालियन बाई राहते. ती बर्फावरची शर्यत खेळायची, स्लालम. उतारावर दांडे रोवलेले असतात, त्यांच्यामधून नागमोडी वळत खाली यायचं. एक वळण चुकलं की बाद. आधी गावच्या डोंगरावर खेळली, मग देशाच्या संघात. दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली. एकदा दुसरी आली, पहिली कधीच नाही. हे सगळं ती माझ्या ओट्याला टेकून सांगते आणि माझ्या दुधाळ चहाचा घोट घेऊन चिडवते, "आजचं सूप छान झालंय." मी म्हणते, "तुमची कॉफी म्हणजे आमच्याकडचा काढा, तोही चमचाभर."

इथे बर्फ नसतो, तर ती प्लास्टिकच्या चटया अंथरलेल्या उतारावर मुलांना शिकवते. माझी लेक तिच्याच हाताखाली तयार झाली. आता शेजारणीच्या संघातल्या जुन्या जोडीदारणीने लेकीला अख्ख्या हिवाळ्यासाठी इटलीला बोलावलंय, स्वतःच्या घरी ठेवून शिकवणार म्हणते. लेक म्हणते, "मॅम, इट्स ओन्ली द वन विंटर." इथली पोरं आईला मॅम म्हणतात. हे म्हणाले, "गुडघा गेला तर? तूच ठरव बाई." रविवारी कळवायचंय. आणि माझ्या आत काहीच हलत नाही. देवापुढे बसते, हात जोडलेले राहतात, मागायचं काय ते सुचत नाही.

मला मात्र आपल्या शाळेचा तालुक्याचा तो खो-खोचा सामना दिसतो. मला खो मिळालाय, पुढची मुलगी हातभर अंतरावरून निसटते आणि मी मागे वळते. फाउल. तुम्ही ओरडला नाहीत. नळाखाली पदर भिजवून माझं तोंड पुसलंत आणि म्हणालात, "एकदा दिशा घेतली की खांबापर्यंत धावायचं. मध्ये वळायचं नाही." पुढे राज्याच्या शिबिरासाठी मला पाठवा म्हणून तुम्ही आमच्या घरी आलात. वडील म्हणाले, "मॅट्रिक झाली, पुरे झालं." मी आत कणीक मळत ऐकत होते. तुम्ही चहा संपवलात, "बरं" म्हणालात आणि चपला घातल्यात. मीही बाहेर आले नाही. दिशा घेतली होती ना. मग लग्न, संसार, हा देश, सगळं त्याच दिशेने झालं.

परवा मी शेजारणीला विचारलं, "पहिली आली नाहीस, गुडघे गेले. काय मिळालं गं?" ती म्हणाली, शेवटची शर्यत तिच्याच गावात होती. माणसं गाईच्या गळ्यातल्या घंटा वाजवत उभी होती. मध्येच तिचा एक दांडा चुकला. तशीच खाली आली असती तर बाद. ती थांबली, बर्फावर आडवी पावलं टाकत पुन्हा वर चढली, चुकलेल्या दांड्याला वळसा घालून खाली आली. सगळ्यात शेवटची.

"मागे वळलेलं चालतं?" मी विचारलं.

"चालतं. फक्त दमायला होतं," ती म्हणाली, आणि कप विसळून ठेवला.

काल लेक टोस्टला लोणी लावत होती, तेव्हा मी सांगितलं, "जा तू."

"रिअली? बाबा?"

"बाबांना मी सांगते. गरम मोजे घे, आणि तिथे गेल्यावर रोज रामरक्षा."

"मॅम."

"बरं, शनिवारी तरी."

"ग्रँड," म्हणाली, आणि टोस्ट तोंडात धरूनच वर पळाली. ह्यांना वाटतं मी धीराची. शेजारणीने मिठी मारली, तेव्हाही मी लाकडासारखी उभी होते.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहून टाकते. लेकीच्या गुडघ्याची काळजी मला अजून वाटलेली नाही. वाटतो तो हेवा, बाई. पोटच्या पोरीचा.