तिसरी क्लचप्लेट

प्रिय धाकट्या,

पत्र पाहून तुला वाटेल, ताईला झालंय तरी काय. ताई ठणठणीत आहे. बिघडलीय ती गाडी, आणि वर्षभर जिथे बिघडतेय तिथेच. तिसरा क्लचही गेला. हस, पोट धरून हस, तुझा हक्कच आहे. तू बसवलेले दोन्ही क्लच गेले म्हणून आईच्या वाढदिवसाला भरल्या टेबलावर मी तुला सुनावलं होतं की यापुढे तुझ्या गॅरेजात मी सायकलमध्ये हवा भरायलासुद्धा येणार नाही. तू खाली मान घालून जेवत राहिलास. तुझी बायको माझ्याकडे बघत होती, ते अजून आठवतं.

बाकी छान चाललंय, उगाच रडगाणं नको. ड्रायव्हिंग क्लासला सध्या अकरा विद्यार्थी आहेत. एक निवृत्त मुख्याध्यापिका आहेत, त्या गिअर बदलण्याआधी गिअरला तशी कल्पना देतात. एक दंतवैद्य आहे. दिवसभर लोकांच्या तोंडात बिनधास्त हात घालतो, पण आरशात मागची बस दिसली की याचेच दात वाजायला लागतात. माझा दिवस मजेत जातो. गुडघा कुरकुरतो, पण या वयात तो गप्प बसला तर मला काळजी वाटेल.

तर क्लच. तुझ्याशी भांडल्यावर मी गाडी गावाच्या दुसऱ्या टोकाला एका दाढीवाल्या मेकॅनिककडे नेली. या खेपेला माल डोळ्यांत तेल घालून निवडला. नुसती प्लेट नाही, प्रेशर प्लेट आणि बेअरिंगसकट पूर्ण संच, सगळा एकाच कंपनीचा. खोक्यावरचा नंबर गाडीच्या पुस्तकाशी ताडून पाहिला, सील तपासलं, प्लेट हातात घेऊन वजनसुद्धा पाहिलं. शेवटी दुकानदार म्हणाला, बाई, प्लेट बघताय की जावई? एवढं करूनही तो क्लच पाचच महिने टिकला. तू बसवलेला दुसराही बरोबर तेवढाच टिकला होता, हे माझ्या लक्षात आलं, पण मी ते मनावर घेतलं नाही.

दाढीवाल्याने आधीच्या प्लेटा मागितल्या. त्या डिकीतच होत्या, तुझ्याविरुद्धचा पुरावा म्हणून जपून ठेवलेल्या. त्याने तिन्ही टेबलावर ओळीने मांडल्या. पहिलीच्या लायनिंगचे तुकडे पडले होते, रिव्हेट ढिले होते. हा माल वाईटच, म्हणाला. ते तूही तेव्हाच कबूल केलं होतंस, सरळ मनाने. मग त्याने दुसरी आणि तिसरी शेजारी शेजारी धरल्या. दोन्ही सगळीकडून सारख्या झिजलेल्या, तापून धातू निळा पडलेला. म्हणाला, दुसरी ज्याने निवडली त्याला काम कळतं, हा माल पहिल्या प्रतीचा आहे. अशी प्लेट माल खराब असला म्हणून जळत नाही, कोणीतरी सतत क्लचवर पाय ठेवून बसलं की जळते.

मी लगेच विद्यार्थ्यांवर ढकललं. त्याने विचारलं, कंपनीचा मूळ क्लच किती वर्षं चालला? सात, मी म्हणाले. तेव्हाही विद्यार्थीच चालवत होते ना? मग त्याने डावीकडचं दार उघडलं आणि माझ्या बाजूची, शिकवणाऱ्याची दोन पेडलं दाखवली. ब्रेकच्या रबरावरच्या रेघा नव्यासारख्या होत्या. क्लचचं रबर वापरलेल्या साबणासारखं गुळगुळीत झालं होतं.

अठरा वर्षं मी ओरडत आलेय, पाय क्लचवरून काढा, ते पायपुसणं नाही. आणि माझाच पाय! दुसऱ्या एका क्लासची गाडी उसनी आणून दोन दिवस मी त्याच्यावर पाळत ठेवली. मी खाली ठेवते, चौक आला की तो आपला आपण वर जातो. मला पत्ताही लागत नाही. कधीपासून, तेही मग उमगलं. गेल्या वर्षीचा तो सायकलवाला आठवतो? विद्यार्थिनीने क्लच सोडला, गाडीने उसळी घेतली आणि तो माणूस आडवा झाला. नुसतं खरचटलं, कपडे झटकून मलाच धीर देऊन गेला. मी ही गोष्ट सगळ्यांना गंमत म्हणून सांगत आले. पण माझा पाय त्या दिवशी उशिरा पोचला होता, आणि तेव्हापासून तो आधीच जाऊन बसतो.

तुला हे ठाऊक होतं. बंपर तूच सरळ केलास, पाण्याचा पेला मला दोन हातांनी धरावा लागला होता तो तूच पाहिलास. दुसरी प्लेट काढलीस तेव्हा ती बराच वेळ पुसत राहिलास आणि म्हणालास, ताई, माल खराब निघाला, चूक माझी. धडधडीत खोटं. त्या दिवशी खरं सांगितलं असतंस तर मी दुसऱ्याच दिवशी क्लास बंद केला असता. म्हणून तू आपल्या कामाला बट्टा लावून घेतलास, आणि मी तो गावभर मिरवला. आठ जणांना मी तुझ्याकडे जाऊ नका म्हणून सांगितलं होतं. त्या आठही जणांना परवा फोन करून खरं काय ते सांगितलं. मला फार लाज वाटते रे.

तुला मात्र फोन केला नाही. तू पुन्हा माल खराब होता म्हणाला असतास, आणि मी सुटले म्हणून लगेच मान्य केलं असतं. चौथा क्लच तू निवड, मी खोक्याकडे बघणारसुद्धा नाही. माझ्या बाजूचं क्लचचं पेडल मात्र काढून टाक, ब्रेक तेवढा राहू दे. सोमवारी सकाळी पहिला तास आहे. तेव्हा तू मागच्या सीटवर बसशील का? काही बोलायचं नाही, नुसतं बसायचं. मला अजून भीती वाटते, धाकट्या. हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही.

तुझीच, आणि अजूनही तुझ्यापेक्षा मोठी,
ताई