विरलेली जागा

प्रिय धाकटे,

सर्वप्रथम एक गंभीर तक्रार. इस्पितळाच्या झग्याला मागे तीन नाड्या असायला हव्यात. माझ्या झग्याला दीड आहे. उरलेल्या अर्धीची गाठ ज्याने मारली, त्याला आपल्या दुकानात मी बटणं निवडायलाही बसवलं नसतं. पाठ उघडी टाकून सबंध मजल्यावर हिंडते आहे. नर्सबाई म्हणतात, "आजी, इथे कोण बघतंय?" आजी! पोटाचे टाके एकीकडे आणि हा शब्द एकीकडे.

वकिलाच्या काळ्या कोटाचं कोपर झालं का? त्याला सांग, टेबलावर कोपर टेकून झोपणं बंद करू नकोस, आमच्या म्हातारपणाची सोय त्यावरच आहे. त्या कोपरावरून मला बाबा आठवले. ते म्हणायचे, विरलेल्या जागेला उगाच सुई लावायची नाही, सुईनेच भोक पडतं. फाटलं की बघू. रफूवाल्याच्या पोरींच्या अंगात हा नियम पार मुरलेला. म्हणून तर तुझ्या लेकीचे दुधाचे दात पडत होते तेव्हा, माझ्या तपासणीत 'सौम्य बदल' निघाले, वर्षाने परत या म्हणाले, आणि मी दारातच तुला म्हणाले, "विरलंय थोडं, फाटलं नाही." आपण दोघी रस्ताभर हसलो. तू दुकान बंद ठेवून अर्धा दिवस बाहेरच्या बाकावर बसली होतीस. बाकाच्या खिळ्याने तुझ्या बाहीचा धागा ओढला, त्याबद्दल मात्र घरापर्यंत शिव्या घातल्यास. वर्षाने परत मी काही गेले नाही, आणि ती पोर आता कॉलेजात आहे.

काल डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून दाखवलं. गर्भाशयाच्या तोंडाशी दोन जातींच्या पेशी एकमेकींना भिडतात. आपल्या भाषेत, दोन कापडांचा जोड. झिजायचं तिथेच सुरू होतं. एक विषाणू येतो. बहुतेक सगळ्यांनाच कधी ना कधी येतो, त्यात चारित्र्याचा काही प्रश्न नाही, हे समोरच्या काकूंना जरा मोठ्याने सांग. बहुतेकींचं शरीर त्याला वर्षा-दोन वर्षांत हाकलतं. एखादीत तो मुक्काम ठोकतो. मग तळाच्या थरातल्या पेशी वेड्यावाकड्या होतात; ते सौम्य, पुष्कळदा आपोआप सरळ होतं. नाही झालं, तर वाकडेपणा अर्ध्या जाडीपर्यंत चढतो, मग पूर्ण. यात वर्षांमागून वर्षं जातात, आणि तेवढ्या वर्षांत बहुधा काहीसुद्धा दुखत नाही. तोवर सगळं अस्तराच्या अलीकडे असतं. तेवढा तुकडा काढला की बहुतेक वेळा भागतं. अस्तर ओलांडलं, की त्याला कर्करोग म्हणतात.

माझ्याने ओलांडलं. शेजारच्या लसीकाग्रंथींतही पोचलंय. टाके सुकले की किरणं सुरू. बरी होईन का विचारलं, तर बाईंनी पेनाला टोपण लावलं.

कोट कपाटात पडून राहिला तर तसाच राहतो गं. हे कापड जिवंत असतं. रोज नवं विणलं जातं, आणि एकदा बिघडलं की रोज बिघडलेलंच विणलं जाऊ शकतं. बाबांचा नियम कोटांसाठी होता.

परवा फोनवर तू म्हणालीस, तुझा तपासायला काढलेल्या तुकड्यात बदल निघालेत, पूर्ण जाडीचे, पण "थंडीचे कोट संपू देत, अजून फाटलंय कुठे?" मी हसले नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेल. आलं नसेल तर आता येऊ दे. गुरुवारी सकाळची वेळ तुझ्या नावाने घेतली आहे. तेवढी जागा काढतील आणि संध्याकाळी तू घरी जाशील. दुकानाला कुलूप लाव, वकील बाह्या दुमडून फिरेल. मी बाहेर त्याच बाकावर बसलेली असेन, दीड नाडीच्या झग्यात, तू बाहेर येईपर्यंत. तुझा अर्धा दिवस माझ्याकडे उधार राहिला होता. खिळा अजून तिथेच आहे, बघून आले; त्या बाजूला मी बसते.

तुझीच,
अजून आजी न झालेली ताई