नऊ फुटांची रेघ

सोमवार, ४ मार्च

साहेबांना तक्ता हवाय — जमिनीचे नकाशे कशात साठवायचे, खर्च किती. आत्ताची एकच फाईल, सगळ्यांनी तीच उघडायची: खर्च शून्य. फुकटचा डेटाबेस: सर्व्हर आणि सांभाळणारा माणूस, म्हणजे महिन्याला माझे दोन पगार. विकतचा: नुसतं लायसन्सच त्याच्या तिप्पट! पण या दोन्हींत कुणी काय बदललं याची नोंद राहते.

साहेब हसले. "नोंद कशाला? आपण काय चोर आहोत?"

तरी फुकटचा माझ्या मशीनवर टाकला. सगळे नकाशे चढवले. बघू.

मंगळवार, ५ मार्च

दिवसभर एकटी. मोजणीदारकाका रजेवर. जुन्या फाईलचा वेग तपासला. ढिम्म!

सोमवार, ११ मार्च

ज्या दोन भावांची वाटणी काकांनी मोजली, त्यातला थोरला भरदुपारी लोखंडी गज घेऊन आत शिरला. "माझे नऊ फूट खाल्लेस! धाकट्याने किती चारले?" काका उठेपर्यंत पहिला फटका मनगटावर. हाड मोडल्याचा आवाज ऐकला मी. मग पाठीत. मग तोंडावर. मी टेबलाखाली — ओरडलेसुद्धा नाही. कीबोर्डवर काकांचे दोन दात पडले होते. पोलीस येईपर्यंत तो पसार.

साहेबांनी रक्त पाहिलं आणि म्हणाले, "काकांनी खरंच खाल्ले नसतील ना?"

मंगळवार, १२ मार्च

काका शुद्धीवर. ओठ शिवलेत. डाव्या हाताने कागदावर लिहिलं — मी नाही.

बुधवार, १३ मार्च

डेटाबेसमधली प्रत आणि फाईल ताडून पाहिली. चार तारखेच्या प्रतीत दोन भावांच्या हद्दीची रेघ जागेवर. फाईलमध्ये नऊ फूट सरकलेली. फाईल शेवटची सेव्ह झाली मंगळवारी, पाच तारखेला, अकरा वीसला.

मंगळवारी कोण होतं? मीच! वेग बघताना माऊस ओढला गेला, आणि मी न बघता सेव्ह केलं. शुक्रवारी थोरल्याला नकाशा छापून दिला तोही मीच.

साहेबांना जाऊन सगळं सांगितलं.

साहेब म्हणाले, "तोंड बंद ठेव. ऑफिसला टाळं लागेल." आणि काका? "झालं ते झालं."

गुरुवार, १४ मार्च

थोरल्याच्या घरी गेले. त्याच्या बायकोने दार उघडलं. दारातच सांगून टाकलं — रेघ माझ्या हातून हलली. काकांनी काही खाल्लं नाही, धाकट्याने काही चारलं नाही.

ती म्हणाली, "सकाळीच पोलीस घेऊन गेले त्यांना."

मला वाटलं, काकांसाठी.

"भावजींना मारलं. त्याच गजाने. गेले भावजी."