नखाएवढी पाटी

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा नमस्कार. हाताला निळा ऑइलपेंट लागलाय, म्हणून पाया लांबूनच पडतो. तुझा गुडघा कसा आहे? (उत्तरात नुसतं 'बरा' लिहू नकोस. मागे 'बरा' होता तेव्हा तू पंधरा दिवस जिना उतरली नव्हतीस.) इकडे आम्ही सगळे ठीक. भावोजीही ठीक आहेत. फारच ठीक आहेत. चार दिवसांसाठी आले होते, आज तेविसावा दिवस.

तुझा गैरसमज नको म्हणून सांगतो, आम्हाला त्यांची अडचण मुळीच नाही. (आमची ही मागे उभी राहून 'खरं लिहा' म्हणते आहे. तू तिचं मनावर घेऊ नकोस.) सगळं अडलं ते लोगोपायी. निवृत्त झालेली माणसं झाडांना पाणी घालतात. भावोजींनी पॉडकास्ट काढायचं मनावर घेतलं. म्हणजे रेडिओसारखंच, फक्त बोलायला कुणाची परवानगी लागत नाही. बसस्टँडच्या खोलीत बसून तीस वर्षं गाड्यांची नावं आणि फलाटांचे आकडे पुकारले, आता त्या गाड्यांनी आलेल्या-गेलेल्या माणसांच्या गोष्टी सांगायच्या. नावही झकास : 'कृपया लक्ष द्या'. आवाजाची बाजू तुझ्या भाचीने घेतली. आणि लोगो? घरात पेंटर मेहुणा असताना बाहेर कशाला जायचं!

मीही फुशारलो. अर्ध्या बाजारपेठेच्या पाट्या माझ्या हातच्या, माझं अक्षर रस्त्यापलीकडून चष्म्याशिवाय वाचता येतं. भावोजी म्हणाले, कुणाची नक्कल नको, पहिल्या रेघेपासून आपलंच हवं. मी चार बाय चारचा पत्रा घासला, अस्तर दिलं, रेघा आखायला खडूची दोरी मारली. भावोजी शेजारी खुर्ची टाकून बसले आणि सांगत गेले. कर्णा हवा. गाडी हवी. घड्याळ हवं, आणि त्यात पावणेसहाच वाजलेले हवेत, कारण पहिली गाडी पावणेसहाची. बोचकं घेऊन धावणारी बाई हवी. शेवटी, जरा लाजत, स्वतःचा चेहरा हवा, मिशांसकट. सहा दिवस लागले. मिशीचा केस न् केस मोजून घ्यावा असं काम झालं. गल्लीतली माणसं थांबून बघायला लागली.

मग भाचीने त्याचा फोटो काढून फोनवर दाखवला. 'बाबा, लोगो एवढाच दिसणार.' एवढाच म्हणजे माझ्या अंगठ्याच्या नखाएवढा! ताई, मी जन्मात केलेलं सगळ्यात लहान काम म्हणजे दातांच्या डॉक्टरांची वेळांची पाटी, तीसुद्धा दोन फुटी. ही चष्मा लावून फोनवर वाकली आणि म्हणाली, 'अगं बाई, झुरळ चिरडलं का काचेवर?' भावोजी त्या दिवशी जेवले नाहीत. (दुपारी. रात्री दोनदा वाढून घेतलं.)

तिथून एकेक गोष्ट वगळायला सुरुवात झाली. बाईला काढायचं म्हटलं तर म्हणाले, तिची गाडी चुकेल. गाडी काढायची म्हटलं तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. (म्हणजे हिच्याशी बोलले.) मिशी पुसायला परवानगी दिली, पण पुसेपर्यंत अंगणात जाऊन उभे राहिले. सरतेशेवटी उरला एकटा कर्णा. तो नव्या पत्र्यावर काढून दारात वाळत ठेवला, तर एकजण आत डोकावून विचारता झाला, नरसाळी मिळतात का? हिला ते फूल वाटलं. संध्याकाळी एक गृहस्थ लाऊडस्पीकर भाड्याने मागायला आले आणि भावोजींनी त्यांना रविवारची वेळ देऊनही टाकली. कोपऱ्यापर्यंत धावत जाऊन मला त्यांची समजूत घालावी लागली.

परत आलो तर भावोजी रंगाच्या डब्याला झाकण लावत होते. म्हणाले, 'राहू दे रे. माझं बोलणं कधी कुणाला कळलं नाही, चित्र कुठून कळणार?' त्यांनी झाकण चारी बाजूंनी नीट दाबलं आणि उठून आत गेले. मला वाईट वाटलं. त्याहून वाईट म्हणजे, आता सुटलो असंही वाटलं.

तुझी भाची मात्र चिवट. (तुझ्यावर गेली आहे.) दुसऱ्या दिवशी तिने भावोजींना कपड्यांच्या कपाटात बसवलं. कपड्यांत म्हणे आवाज घुमत नाही. लोगो नाही तर नाही, आवाज तरी तपासून बघू, म्हणाली. मी बाहेर ब्रश धूत बसलो होतो आणि कपाटातून गोष्ट सुरू झाली. एका मुलीची गाडी चुकली होती, भावोजींची घोषणा न कळल्यामुळे. ती तडक त्यांच्या खोलीशी आली आणि खिडकीवर टकटक करत राहिली. त्यांनी काच सरकवली तशी म्हणाली, 'तुम्ही बोलता की गुळण्या करता?' पुढची गाडी दोन तासांनी होती. ते दोन तास खिडकी उघडीच राहिली आणि स्टँडवर एकही घोषणा झाली नाही, त्यामुळे आणखी कितीजणांच्या गाड्या चुकल्या देव जाणे. ताई! आपल्या घरी तू 'स्टँडवर ओळख झाली' एवढंच सांगितलं होतंस! आणि खरं सांगू, त्या गोष्टीतला शब्द न् शब्द मला कळला. ब्रश तसाच टर्पेंटाइनमध्ये राहिला.

मग मी कुणालाच काही विचारलं नाही. हातभर चौकोनी पत्रा घेतला. काळी चौकट, अर्धी सरकलेली काच, आत पिवळा उजेड. बस्स. अर्ध्या तासाचं काम. भाचीने फोटो काढून नखाएवढा केला. ही म्हणाली, 'खिडकी.' एका शब्दात! भावोजी कपाटातून बाहेर आले, खांद्यावर हिची शाल अडकलेली. पत्र्याशी वाकले. मग म्हणाले, 'पहिल्यांदा काच एवढी उघडली नव्हती. एवढी उघडायला तिला पुन्हा टकटक करावी लागली.' मी चित्रातली काच दोन बोटं मिटवली.

असा लोगो झाला. तुझ्याकडच्या मोठ्यांना माझा नमस्कार. लहानांनी मला केला असं धरून त्यांना आशीर्वाद.

तुझा धाकटा

ता. क. : लोगो होऊन आज आठ दिवस झाले, हे वर लिहायचं राहिलं. भावोजी तरी हलेनात, म्हणून काल खोदून विचारलं. पॉडकास्टचं पहिल्यांदा बोलले तेव्हा तू म्हणालीस म्हणे, 'तीस वर्षं कुणाला कळलं नाही, आता कोण ऐकणार?' तू गमतीत म्हणाली असशील, पण त्यांना लागलं. फोन वाजला की ते कपाटातून डोकं बाहेर काढतात. तर मुख्य विनंती ही : फोन कर. 'घरी या' म्हणू नकोस, ताठतील. पुढच्या भागात काय आहे, एवढंच विचार. (कपाट मोकळं झालं तर हिलाही धुतलेले कपडे मिळतील.)

आणखी एक ता. क. : पाकीट बंद करणार, तेवढ्यात भावोजी म्हणाले, 'दे इकडे, मी टाकतो पेटीत.' बूट घालून दारात उभे आहेत. पेटी कोपऱ्यावर आहे आणि त्यांच्या हातात बॅग आहे. तेव्हा पत्र पोस्टमनने दिलं असेल तर फोनचं विसरू नकोस. त्यांनी स्वतः दिलं असेल, तर आधी त्यांना आत घे. पत्र काय, मागाहून वाचता येईल.